चौघांच्या मुक्कामासाठी स्टोव्ह: प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर

गेल्या मुक्कामात पातेलं कलंडलं. दोन लिटर उकळतं पाणी, गॅसच्या डब्यावर बसणारा चिमुकला स्टोव्ह आणि खाली थोडीशी उतरती जमीन. ढवळताना चमचा काठाला लागला आणि सगळंच्या सगळं एका बाजूला गेलं. ताईचा पाय तिथून वीतभर लांब होता. कुणाला भाजलं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पाणी मातीत मुरत होतं आणि आडवा पडलेला बर्नर तसाच फुरफुरत होता. तो आवाज अजून कानात आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा निघायचं आहे. ताई, दाजी, भाचा आणि मी. तीन रात्री, साधारण ३००० मीटर उंचीवर, पहाटे पारा शून्याच्या जवळ. त्याआधी स्टोव्ह बदलायचा, आणि या वेळी कुणी चांगला म्हटलं म्हणून घ्यायचा नाही, स्वतः मोजून घ्यायचा. म्हणून ही वही.

खोक्यावर ‘एक लिटर पाणी इतक्या मिनिटांत’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा मला नकोच आहे. मोठं पातेलं डगमगता कामा नये, वाऱ्यात आच टिकली पाहिजे, थंडीत गॅस बसता कामा नये आणि मंद आचेवर तळाला लागता कामा नये. वजनाचं त्यानंतर बघू.

७ सप्टेंबर

आज फक्त हिशेब. जळण किती लागेल ते आधी कळलं नाही, तर स्टोव्हच्या गप्पांना अर्थ नाही.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. समुद्रसपाटीपासून साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, म्हणजे आपल्या मुक्कामावर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळेल. ओढ्याचं पाणी ५ अंशांचं धरलं तर ८५ अंश चढवायचे. लिटरला ३५६ किलोज्यूल झाले. ब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण ग्रॅमला जवळपास ४६ किलोज्यूल देतं. सगळी आच पातेल्यात गेली तर ८ ग्रॅममध्ये काम व्हावं, पण निम्मी आच पातेल्याच्या कडेने निघून जाते. म्हणून लिटरमागे १५ ते १६ ग्रॅम.

दिवसाला साडेचार लिटर पाणी, म्हणजे ७० ग्रॅम. वर चाळीस मिनिटं मंद आचेवर शिजवणं, तीसेक ग्रॅम. दिवसाला १०० ग्रॅम, तीन दिवसांना ३००. वाऱ्यासाठी एक तृतीयांश वाढवले की ४००.

स्पिरिट ग्रॅमला २७ किलोज्यूलच देतं. तेवढ्याच कामाला सुमारे १.७ पट वजन न्यावं लागेल. मात्र स्पिरिटची बाटली हलकी असते आणि गॅसच्या २३० ग्रॅमच्या डब्याचं नुसतं पत्र्याचंच वजन दीडशे ग्रॅमच्या घरात जातं, हेही ध्यानात ठेवायला हवं. एकट्याने एका रात्रीसाठी जायचं असेल तर स्पिरिट वजनात मागे पडत नाही. चौघांना तीन रात्री म्हटलं की पडतं.

१३ सप्टेंबर

उमेदवार ठरवले. काटक्यांची चूल बाद. कोरड्या दिवसांत बऱ्याच जंगलांत उघड्या आगीला मनाई असते, पावसात काटक्या पेटत नाहीत आणि पातेल्याची काजळी सगळ्या सामानाला लागते. घन इंधनाच्या वड्याही बाद. एका पेल्याला ठीक आहेत, पण चौघांच्या जेवणाला पुरायच्या नाहीत आणि मध्येच आच कमी करता येत नाही.

भांड्यासकट येणारे स्टोव्ह बघितले, ज्यांत पातेल्याच्या तळाला पत्र्याच्या चुण्या असतात आणि ते बर्नरवर अडकवून बसवतात. कमी गॅसमध्ये पाणी तापवायला यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण भांडं एक लिटरच्या आसपासचं, उंच आणि अरुंद. त्यात चौघांचं जेवण ढवळायचं म्हणजे चमचा तळापर्यंत पोचवतानाच कसरत. आपल्याला नुसतं आधण ठेवायचं नाही, शिजवायचं आहे.

उरले तीन. डब्यावर बसणारा माझाच जुना. नळीचा, म्हणजे बर्नर जमिनीवर आणि डबा लांब बाजूला, तो दाजींच्या मित्राकडून. आणि स्पिरिटचा पितळी, वाऱ्याच्या आडोशासकट, शेजाऱ्यांकडून. पेट्रोलचा एक मिळतो का ते दाजी विचारणार आहेत.

२० सप्टेंबर

पहिली चाचणी, घरामागच्या अंगणात. वारा नाही. तेच पातेलं, झाकण लावलेलं, एक लिटर पाणी, सुरुवातीला २४ अंश. डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला.

डब्यावरचा, पूर्ण आच: ४ मिनिटं १० सेकंद, १६ ग्रॅम.
डब्यावरचा, निम्मी आच: ६ मिनिटं २० सेकंद, १३ ग्रॅम.
नळीचा, पूर्ण आच: ४ मिनिटं ३० सेकंद, १५ ग्रॅम.
स्पिरिटचा: ११ मिनिटं, २६ ग्रॅम.

दोन मिनिटं थांबलं की प्रत्येक लिटरमागे ३ ग्रॅम वाचतात. पूर्ण आचेवर ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊन कडेने वर चढताना स्पष्ट दिसते. ती हवा तापवत असते, पाणी नाही. म्हणून ज्योत बुडाच्या आत राहील एवढाच नॉब उघडायचा. रुंद बुडाचं पातेलं घेतलं तर तेवढ्याच गॅसमध्ये जास्त काम होतं. ताईने तिचं पसरट पातेलं देऊ केलं आहे.

स्पिरिटच्या स्टोव्हबद्दल माझं मत आज बदललं. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. आवाजही नाही. अंगणात बसून पाणी तापताना पानांची सळसळ ऐकू येत होती. पण दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. विझला असं समजून त्यात पुन्हा ओतायला गेलं तर ज्योत धारेबरोबर बाटलीपर्यंत चढू शकते. मी हात वर धरून उष्णता लागते का ते पाहिलं, तेव्हा कळलं की अजून जळतोय. सोबत सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्याला घाई असते. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

२१ सप्टेंबर

वाऱ्याची चाचणी. टेबलफॅन दोन मीटरवर, मधल्या वेगावर. फार नाही, उघड्या माळावर संध्याकाळी एवढा असतोच.

डब्यावरचा, निम्मी आच: १५ मिनिटांनी पाणी ८१ अंशांवर अडकलं. पुढे सरकेना. बंद केला. ३१ ग्रॅम गेले होते.
डब्यावरचा, पूर्ण आच: ७ मिनिटं, २७ ग्रॅम.
नळीचा, पत्र्याचा आडोसा चारही बाजूंनी, डबा आडोशाबाहेर: ४ मिनिटं ५० सेकंद, १६ ग्रॅम.

पहिली ओळ लिहिताना मी आकडा दोनदा तपासला. काल १३ ग्रॅममध्ये उकळलेलं पाणी आज ३१ ग्रॅममध्येही उकळलं नाही. ज्योत निळी होती, आवाज व्यवस्थित होता, लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं स्टोव्ह उत्तम चाललाय. फक्त ती ज्योत पातेल्याखाली नव्हती, अर्धी बाजूला वाकलेली होती.

भाचा म्हणाला, “मामा, मग जुन्यालाच पत्रा गुंडाळू की चारही बाजूंनी. नवा कशाला?”

तोच तर धोका आहे. डब्यावरच्या स्टोव्हला चहूबाजूंनी आडोसा केला की उष्णता आत कोंडते आणि खालचा डबा तापतो. डब्यात गॅस दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो. तापमान चढलं की दाब चढतो, आणि पुरेसा चढला तर डबा फुटतो. फार तर वाऱ्याच्या बाजूने, अंतर ठेवून, तीन बाजूंचा आडोसा करता येईल, तोही डब्याला सारखा हात लावून बघत. हाताला डबा गरम लागला की लगेच बंद. हे त्याला डबा हातात देऊन दाखवलं. नळीच्या स्टोव्हचा डबा हातभर लांब असतो, म्हणून त्याला पूर्ण आडोसा करता येतो. माझ्या मते निवड अर्धी इथेच झाली.

२८ सप्टेंबर

थंडीची चाचणी. गॅसचे डबे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, गळती झाली तर बंद जागेत साचेल. त्याऐवजी अंगणात बादलीत बर्फाचं पाणी केलं आणि डबे अर्ध्यापर्यंत त्यात बुडवून अर्धा तास ठेवले. पाणी २ अंश.

यामागचं गणित उत्कलनबिंदूंचं आहे. ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे ११.७ ला, प्रोपेन उणे ४२ ला. डब्यातला द्रव उकळून वाफ झाली तरच वर ज्योत मिळते. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्याजवळ आला की त्याला उकळायला जोरच उरत नाही. मग सगळा प्रोपेनच का भरत नाहीत? २० अंशांना त्याचा दाब वातावरणाच्या आठपट होतो, त्याला जाड भिंतीचा जड सिलिंडर लागतो. म्हणून पातळ पत्र्याच्या डब्यात मिश्रण असतं.

नुसत्या ब्यूटेनचा डबा लावला. ज्योत पेटली ती मेणबत्तीएवढी, आणि दोन मिनिटांत बोटाच्या पेराएवढी झाली. मिश्रणाचा भरलेला डबा व्यवस्थित चालला. मग मिश्रणाचाच जवळजवळ संपलेला डबा लावला, आणि तो चार मिनिटांत बसला. प्रोपेन जास्त उतावळा, तो आधी निघून जातो आणि शेवटी तळाशी ब्यूटेनच उरतो. शिवाय वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता खर्च करतो, त्यामुळे डबा हवेपेक्षाही थंड होत जातो. बर्फाच्या पाण्यातून काढलेल्या त्या डब्यावर जळताजळता खालच्या दोन बोटांत पांढरा हिमाचा थर धरला. द्रवाची पातळी कुठवर आहे ते त्या रेषेवरून नेमकं दिसत होतं. मी कितीतरी वेळ ती रेषा बघत बसलो.

त्याच डब्याखाली साध्या नळाच्या पाण्याची परात ठेवली, आणि अर्ध्या मिनिटात ज्योत परत उभी राहिली. गरम पाणी लागत नाही, साधं पुरतं.

मग नळीचा स्टोव्ह. त्याची नळी ज्योतीला लागून एक वेढा घेऊन जाते. पेटवून अर्धं-एक मिनिट होऊ दिलं, नळी तापली, आणि मग डबा हळूच उलटा केला. आता वाफेऐवजी द्रवच नळीत येतो आणि ज्योतीजवळ त्याची वाफ होते. दोन्ही वायू मिश्रणात असतील त्याच प्रमाणात निघतात, शेवटी नुसता ब्यूटेन उरत नाही. चार मिनिटांत बसलेला तोच डबा उलटा करून आणखी अकरा मिनिटं जळला. हे फक्त तापवणाऱ्या नळीच्या स्टोव्हनेच करायचं. इतरांत द्रव थेट बर्नरमधून भडकून बाहेर येतो.

५ ऑक्टोबर

ज्यासाठी हे सगळं सुरू केलं ती चाचणी. लाकडी फळी, एका टोकाखाली एकेक पुस्तक सरकवत जायचं. पातेल्यात दोन लिटर थंड पाणी, स्टोव्ह बंद. ताईने चमचा हातात घेतला आणि रोज ढवळते तसं ढवळलं.

डब्यावरचा तिसऱ्या पुस्तकाला गेला. फळी तेव्हा जेमतेम कललेली दिसत होती. पातेल्याचं बूड जमिनीपासून वीतभर वर, खाली डब्याचं चिमूटभर बूड, आणि वर दोन किलो पाणी. नळीचा सातव्यापर्यंत उभा राहिला, आणि तेव्हाही स्टोव्ह उलटला नाही, पातेलं पायांवरून घसरलं. त्याचं बूड जमिनीपासून आठ-नऊ सेंटीमीटरवरच आहे.

डब्याखाली लावायचे प्लास्टिकचे तीन पाय मिळतात, तेही लावून पाहिले. एका लिटरपर्यंत बराच फरक पडला. दोन लिटरला समाधान होईना.

ताई म्हणाली, “त्या दिवशी मी काही बोलले नाही. पण हा जुना पुन्हा घेतलास तर मी जवळ बसणार नाही.”

नाही घेणार.

६ ऑक्टोबर

पेट्रोलचा स्टोव्ह आला. स्वच्छ केलेलं पेट्रोल, साधं पेट्रोल, रॉकेल, तिन्ही चालतं.

पंप मारायचा, थेंबभर इंधन वाटीत सोडायचं, पेटवायचं, पितळी नळी तापू द्यायची, आणि ज्योत विझायच्या बेतात आली की व्हॉल्व्ह उघडायचा. पहिल्यांदा मी लवकर उघडला, पिवळी ज्योत फूटभर वर गेली. तिसऱ्यांदा जमलं. निळं चक्र स्थिर झालं आणि घरघर सुरू झाली. दाजी म्हणाले, “आमच्याकडे असाच आवाज यायचा.” दाबाखालच्या रॉकेलच्या बिनवातीच्या स्टोव्हची ही परंपरा १८९२ पासूनची, स्वीडनमधल्या प्रायमसची. अमुंडसेनच्या तुकडीनेही १९११ साली दक्षिण ध्रुवावर जाताना तोच नेला होता. कडाक्याच्या थंडीत तो चालतो, कारण दाब हवामान देत नाही, पंप देतो.

उणे पंधरात जायचं असतं, बर्फ वितळवून पाणी करायचं असतं किंवा जिथे गॅसचे डबेच मिळत नाहीत तिथे जायचं असतं, तर मी आजच हा ठरवला असता. पण आपल्याला शून्याच्या आसपास तीन रात्री काढायच्या आहेत. त्यासाठी पिन मारून नोझल साफ करणं, हाताला पेट्रोलचा वास आणि पेटवतानाची ती फूटभर ज्योत पत्करायची गरज नाही.

१२ ऑक्टोबर

मंद आच. पिठाचं दाट कालवण करून वीस मिनिटं ठेवलं. नळीच्या स्टोव्हचा नॉब सव्वा वळण फिरतो, त्यातल्या शेवटच्या पाव वळणात सगळं नियंत्रण आहे. दोनदा विझला, तिसऱ्यांदा नेमकी जागा सापडली. नळी लांब असल्यामुळे नॉब फिरवल्यावर ज्योतीला उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढं थांबायची सवय करावी लागेल. मध्यभागी रुपयाएवढा डाग धरला, करपलं नाही. पातेल्याच्या पातळ तळाचाही त्यात वाटा आहे.

१८ ऑक्टोबर

घेतला. नळीचा, चार पायांचा, तापवणारी नळी असलेला, १९० ग्रॅम. डब्याचं तोंड नेहमीच्या आट्यांचं. निरनिराळ्या कंपन्यांचे असे डबे एकमेकांच्या स्टोव्हना बसतात.

घरी आल्यावर पहिलं काम गळती बघण्याचं. डबा उभा धरून सरळ आट्यांत बसवला, हाताने घट्ट होईल तेवढाच फिरवला. पक्कड लावायची नाही, आतली रबरी रिंग चिरडते. साबणाचं पाणी जोडावर सोडलं, बुडबुडा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली खड्ड्यात साचतो, म्हणून डबा बदलायचा तो मोकळ्या जागेत आणि आसपास काही पेटलेलं नसताना. एक जादा रिंग पाकिटात ठेवली. स्टोव्हला पेटवायचं बटण नाही, आणि मला ते नकोच होतं. दमट हवेत ते दगा देतं. दोन लायटर आणि मेणाच्या डबीत काड्या, वेगवेगळ्या पिशव्यांत.

२ नोव्हेंबर

काल एक रात्र सरावाला बाहेर काढली. संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली.

“मामा, तंबूच्या पडवीत ठेवूया ना. चेन उघडी ठेवतो.”

“नाही.”

“निळी ज्योत आहे की. धूर कुठे आहे?”

त्याला खाली बसवून सांगितलं. ज्योतीवर थंड, मोठं पातेलं टेकलं की ती पूर्ण जळायच्या आत गार होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं आपण दमलोय. तंबूचं कापड पेटण्याची भीती वेगळीच. त्याने मग काही विचारलं नाही. उठला आणि दोन झाडांमध्ये प्लास्टिकची ताडपत्री उंच बांधून आला, चारही बाजूंनी मोकळी. त्याखाली शिजवलं.

२५ नोव्हेंबर

परत आलो. नोंदी गाडीतच लिहून काढल्या.

२२ तारखेच्या संध्याकाळी ६० ग्रॅम, २३ च्या सकाळी ४५. २३ ची संध्याकाळ वाऱ्याची होती, आडोशाचा पत्रा दगडांनी दाबून धरावा लागला. ८० ग्रॅम गेले. पाणी ९० अंशांना उकळत होतं, त्यामुळे धान्य शिजायला घरच्यापेक्षा बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून ताईने सगळं दुपारीच भिजत घातलं, तेव्हा ते आटोक्यात आलं.

२४ ची पहाट उणे १. पहिला डबा संपत आलेला. उभा ठेवला तर ज्योत फडफडू लागली. नळी तापू दिली, डबा उलटा केला, आणि आच सरळ उभी राहिली. शेवटच्या ग्रॅमपर्यंत जळला तो, ४५. त्याच पहाटे दाजी अंधारात ढवळायला बसले आणि त्यांचं कोपर पातेल्याला चांगलंच लागलं. पातेलं दोन बोटं सरकलं, पाणी काठावरून थोडं हिंदकळलं. स्टोव्ह जागचा हलला नाही. ताई बाजूलाच बसली होती, तिने नुसतं पातेलं परत मधोमध केलं.

२४ ची संध्याकाळ ६५, आज सकाळी ५०. एकूण ३४५. अंदाज ३०० चा होता, वरचे ४५ बहुतेक त्या वाऱ्याच्या रात्रीचे आणि लांबलेल्या शिजण्याचे. पुढच्या वेळी दिवसाला ११५ धरायचे.

दुसरा डबा घरी येऊन तोलला. २६० ग्रॅम भरला, पत्र्याचे १४५ वजा जाता ११५ उरले. बुडावर पेनाने लिहून ठेवलं: ११५, २५ नोव्हेंबर.